केसरनळ्यांचे सर

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "मॅडम, तुम्ही दिवसातून लघवीले किती येळा जाता?"

मी यवतमाळची. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. हा शब्द आमच्याकडे डॉक्टरांपुढेसुद्धा आवाज खाली आणून उच्चारला जायचा. नव्या साडीची घडी मोडू नये म्हणून मी राळेगावपर्यंत एसटीत अवघडून बसून आले होते, आणि प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून ज्यांच्यापुढे उभी राहिले त्यांनी हे विचारलं. त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी खिडकीच्या गजावर बसलेल्या नाकतोड्याकडे बोट दाखवलं.

"हा जातच नाही. उन्हाळाभर वावरात राह्यते, पाण्याचा थेंब नाही, तरी मरत नाही. काहून? अंगातली घाण बाहेर टाकाले आपल्याले बादलीभर पाणी लागते. हा आतल्या आत पाणी शोषून घेते अन् बाहेर टाकते कोरडी भुकटी. आपण उधळे, मॅडम. हा शहाणा."

संध्याकाळी घरी जाऊन मी आईला सांगितलं, "नोकरी सोडते." आईने कारण विचारलं. ते मला सांगता येईना, म्हणून नोकरी राहिली.

पुढे सात-आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. आज ते नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी "विद्वान होते" म्हणते आणि मलाच ते पुरेसं वाटत नाही. "विक्षिप्त होते" म्हणावं तर तेही नाही. माझ्या मनात त्यांचा हिशेब अजून लागलेला नाही.

अंगाने काटकुळे, रंगाने सावळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. हातात बाराही महिने छत्री, पण डोक्यावर मी ती कधी पाहिली नाही. रस्त्यात बाभूळ किंवा बोर दिसली की ते छत्री उलटी उघडून फांदीखाली धरत आणि दुसऱ्या हाताने फांदी झोडपत. छत्रीत पडलेले किडे बोटाने चाळून बघत, बहुतेकांना परत झाडावर सोडत. एसटी स्टँडवरचे रिक्षावाले म्हणायचे, "मास्तर पाऊस झाडातून पाडून राह्यले." सरांच्या कानावर ते जायचं, पण त्यांना त्यात चेष्टा दिसायची नाही. ते थांबून त्या रिक्षावाल्यालाच किडा दाखवायचे.

शिकवायचे मात्र एकच प्रकरण जीव ओतून. किड्यांचं उत्सर्जन. बाकीचा अभ्यासक्रम त्यांनी माझ्यावर सोडला होता. झुरळाचं पोट उघडलं की आतड्याच्या सांध्यापाशी पिवळसर, केसासारख्या बारीक नळ्यांचा झुबका दिसतो. रक्तात लोळत असतात त्या, आणि त्यातली नत्राची घाण वेचून आतड्यात आणून सोडतात. त्या नळ्यांना परदेशातल्या कुण्या जुन्या शास्त्रज्ञाचं नाव आहे. सर ते नाव घेत नसत. म्हणायचे, "त्यानं पाह्यल्या म्हणून काय त्याच्या झाल्या? झुरळाच्या आहेत." त्यांनी स्वतः नाव दिलं होतं, केसरनळ्या. मिठाच्या पाण्यात त्या तरंगत ठेवल्या की थोडा वेळ जिवंत असल्यासारख्या वळवळतात. एकेका विद्यार्थ्याला ते भिंगाखाली दाखवत आणि त्याचा चेहरा बघत उभे राहत.

एकदा तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पहिल्या पोराला विचारलं, झुरळाचं उत्सर्जन कशाने होतं? पोरगा म्हणाला, केसरनळ्या. दुसरी म्हणाली, केसरनळ्या. तिसऱ्यानेही तेच सांगितल्यावर परीक्षकांनी पुस्तक उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं. सर शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. पुस्तकात चुकीचं छापलं आहे." परीक्षकांनी चहा अर्धा टाकला.

आणखी एक भानगड झाली होती. सर वर्गात सरळ 'मूत' म्हणत. एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "सर, शुद्ध शब्द वापरा. उत्सर्जन म्हणा." सर "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममधून उठताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागले, "मी उत्सर्जन करून येतो." टिंगल होती म्हणावं, तर चेहऱ्यावर तसं काही नसायचं. शेवटी प्राचार्यांनीच सांगितलं, पूर्वीसारखं बोला.

ती वर्षं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वाईट होती. बोंडअळी कशालाच दाद देत नव्हती. लोक एक औषध मारायचे, मग दुसरं, मग दोन्ही एकत्र. सकाळच्या एसटीत माणसं चढली की त्यांच्या कपड्यांना फवाऱ्याचा वास यायचा आणि खिडक्या उघडाव्या लागायच्या. डोळे लाल, हाताला पुरळ. राळेगावात शेतकऱ्यांचा एक मेळावा भरला तेव्हा कुणाला तरी सुचलं, कॉलेजातल्या किड्यांच्या मास्तरांना बोलवा. सर गेले, मलाही नेलं. समोर मंडपभर माणसं. सरांनी खिशातून एक किडकं बोंड काढलं आणि अळीच्या लेंडीवर बोलायला सुरुवात केली. लेंडी ओली असली तर अळी आत आहे, वाळली असली तर ती पुढच्या बोंडात गेली. लेंडीत पाणी किती, नत्र किती. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मागून एक जण उठला. "सायेब, थे सारं ठीक हाय. औषध कोनतं मारू?"

"थे मले माहीत नाही," सर म्हणाले.

"मंग कायले आले?"

"तुम्ही बोलावलं म्हणून आलो. जे मले माहीत आहे थे सांगून राह्यलो. जे माहीत नाही थे कसं सांगू?"

पुढच्या रांगेत औषधाचे दुकानदार बसले होते, त्यांच्यात हसू फुटलं. आयोजकांनी सरांच्या हातून माइक घेतला. परत येताना मी म्हटलं, "सर, दोन शब्द धीराचे तरी बोलायचे." ते म्हणाले, "मॅडम, खोटं बोलून धीर देता येते काय?" मला वाटलं, देता येतो.

हे एवढं सांगितलं ते पुढच्या गोष्टीसाठी. ती सांगताना मी दर वेळी गोंधळते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनिता नावाची मुलगी होती. राळेगावपासून आत असलेल्या एका गावातून यायची. एका शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे गेले तरी ती टेबल पुसत राहिली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात देवळाच्या भिंतीवर रक्त पडून राह्यलं."

तुटक तुटक सगळं बाहेर आलं. तिच्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे तिची मोठी आई, विधवा होती आणि मारुतीच्या देवळामागे एकटी राहायची. अंगणाभोवती तिने एरंडी लावली होती. तेल काढायची, बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना चोळून द्यायची. यंदा गावात फवारणी करताना दोन जण बेशुद्ध पडले होते, एका घरचा बैल गेला होता, पऱ्हाटी हातची गेल्यासारखी होती. त्यात दसऱ्याला चुना मारलेल्या देवळाच्या मागच्या भिंतीवर लाल थेंब दिसायला लागले. पुसले तर पुन्हा. मोठ्या आईच्या अंगणाच्याच बाजूला.

"लोक म्हन्ते, तिनं करणी केली. उद्या बैठक हाय. गावाबाहेर काढतो म्हन्ते. बाबा काहीच बोलत नाही, मॅडम. बाबाले भेव लागते."

सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ते वळले. "एरंडीवर काटेरी अळ्या आहेत?"

"हायेत, सर. लय."

"भिंतीले वळचण आहे? तिथं कोष लटकले आहेत?"

"मी वर पाह्यलंच नाही, सर."

"कोणीच पाह्यलं नसंन," सर म्हणाले आणि कपाटातून बाटल्या काढायला लागले.

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही निघालो. सरांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नायट्रिक आम्लाच्या आणि अमोनियाच्या बाटल्या आणि प्रयोगशाळेतली एक वाटी. फाट्यावर वनिता उभी होती. तिथून पायवाट. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, आणि पुढे चालणारे सर मधूनच वाकून एखादं बोंड उलटंपालटं करून बघत होते.

देवळापाशी सगळं गाव जमलं होतं. मधोमध आबाजी नावाचे म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा शब्द गावात चालायचा. मोठी आई आपल्या ओट्यावर बसली होती, डोक्यावरून पदर, हात मांडीत. तिच्याजवळ कुणी नव्हतं. वनिताचे वडील लोकांत उभे होते आणि खाली बघत होते. वनिता सरळ जाऊन ओट्यावर बसली.

भिंत मी पाहिली. कुणी कुंकवाचं पाणी शिंपडावं तसे ठिपके वरपासून खाली ओघळले होते. वळचणीला कोष होते, बरेचसे रिकामे, काही भरलेले. मला लगेच उमगलं. कोषात असेपर्यंत किड्याला बाहेर काहीच टाकता येत नाही. अळीचं फुलपाखरू होईपर्यंतची सगळी घाण तो आत धरून ठेवतो आणि बाहेर आल्यावर, पंख सुकले की, एकदम सोडतो. काहींची ती लाल असते. एवढंच होतं. मला वाटलं, पाच मिनिटांत सुटलो.

सर आबाजींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हे रक्त नाही. फुलपाखराचं मूत आहे."

मागे एक पोरगा फिसकन हसला. आबाजींचा चेहरा बदलला. "मास्तर, देवाच्या भिंतीपाशी उभे हा तुमी."

मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, ते उत्सर्जन आहे." त्याने कुणालाच काही कळलं नाही.

"पुरावा देतो," सर म्हणाले. मोठ्या आईच्या चुलीतले निखारे त्यांनी मागून घेतले. चिनी मातीच्या पांढऱ्या वाटीत भिंतीवरचे वाळलेले थेंब खरवडून घेतले, त्यावर आम्ल टाकलं, वाटी निखाऱ्यावर धरली. पिवळट धूर निघाला. पुढच्या बाया खोकत मागे सरल्या. वाटी कोरडी झाल्यावर सरांनी अमोनियाची बाटली उघडली. तो वास नाकात गेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आबाजींच्यासुद्धा. सरांनी दोन थेंब टाकले. वाटीत भडक जांभळा-लाल रंग चढला, भिंतीवरच्या रंगाहून कितीतरी गडद.

प्रयोगशाळेत हा रंग आला की आम्ही टिक करतो. युरिक अॅसिड आहे, म्हणजे किड्याचं मूतच, सिद्ध झालं. इथे मात्र एक बाई पोराला पदराआड घेऊन निघून गेली. रक्त नाही म्हणता म्हणता सरांनी रक्ताहून लाल करून दाखवलं होतं.

सरांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला होता. वाटी उंच धरून ते म्हणाले, "निघालं. पाहा, सगळं निघालं."

आबाजी काठी टेकत उठले. वाटीजवळ आले, वाकून पाहिलं, डोळे पुसले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हन्जे मास्तर... उतरली?"

सरांना आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी आबाजींकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मोठी आईही बघत होती. त्या वेळी सरांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं. मंडपभर माणसांपुढे "माहीत नाही" म्हणताना जो माणूस अडखळला नव्हता, तो इथे अडखळला.

"उतरली," सर म्हणाले.

"इच्यावर काही दोष?"

"नाही."

"अन् वाटीतलं?"

"थे मी घेऊन जातो."

कुणीतरी नारळ आणला. देवळात घंटा वाजली. एक म्हातारी पुढे येऊन सरांच्या पाया पडली, ते मागे सरले तरी पडली. लोक मोकळे झाल्यासारखे बोलत बोलत पांगले. वनिताचे वडील ओट्यापाशी गेले आणि वहिनीला म्हणाले, "च्या ठेव, वयनी." बस, एवढंच. तिने चहा ठेवला.

आम्ही भिंतीपाशी उभे होतो. तेवढ्यात वळचणीचा एक कोष फाटला. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं आणि कोषाच्या सालीला लटकून राहिलं. पंख हळूहळू उलगडले, विटकरी रंगाचे, वर काळ्या नागमोडी रेघा. बराच वेळ गेला. मग त्याने अंग आवळलं आणि एक लाल थेंब चुन्यावर पडला, ओघळला.

मोठी आई चहाची कपबशी हातात घेऊन मागे उभी होती. तिने पाहिलं. "खरंच का हो," ती म्हणाली.

हा खरा पुरावा. आबाजी अजून देवळाच्या पायरीवरच होते. मी हाक मारायला वळले, तर सरांनी छत्री माझ्यासमोर आडवी धरली. "राहू द्या, मॅडम."

आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी तो थेंब पुसून टाकला. वर जे भरलेले कोष उरले होते तेही हलक्या हाताने सोडवून छत्रीत घेतले आणि गावाबाहेर आल्यावर एका बोरीच्या झुडपात ठेवले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "सर, तुम्ही खोटं का बोललात?"

"मी 'निघालं' म्हटलं थे खरं होतं. त्यायनं आयकलं थे वेगळं होतं."

"पण 'उतरली'?"

"थे," ते म्हणाले, आणि पिशवीतल्या बाटल्यांभोवतीचं वर्तमानपत्र पुन्हा घट्ट गुंडाळायला लागले.

त्यानंतर लोक यायला लागले. त्या गावातून, मग शेजारच्या गावांतून. कॉलेजच्या व्हरांड्यात माणसं उकिडवी बसलेली असत, हातात उपटून आणलेलं पऱ्हाटीचं झाड. "मास्तर, एवढी उतरवून द्या." सर प्रत्येकाला खाली बसवून सगळं सांगत : अळी, कोष, नत्र, केसरनळ्या, वाटीतला रंग कशाने आला. माणसं मान डोलवत ऐकत आणि शेवटी पायाला हात लावून विचारत, "मंग कवा येऊ?" सर आणखी समजावून सांगत. मी कधीच त्यांना कुणावर चिडलेलं पाहिलं नाही, पण त्या वर्षी ते वाळत गेले. प्राचार्यांनी टोमणे मारले. प्रॅक्टिकलमधला तो वाटीचा प्रयोग सरांनी घेणं बंद केलं. मी घेऊ का विचारलं तर म्हणाले, "घ्या. पण दार लावून घ्या." मुलांपासून काय लपवायचं, मला कळेना. त्यांनाही कळत होतं की नाही, कोण जाणे.

हिवाळा संपता संपता एका दुपारी मोठी आई आली. वनिताबरोबर, फडक्यात तुरीच्या शेंगा बांधून. सरांनी तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली. गावात सगळे नीट बोलतात म्हणाली. बाळंतिणींकडे पुन्हा बोलावतात.

सर तिच्यासमोर वाकून बसले. एवढे उतावळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तुम्ही तं डोळ्यानं पाह्यलं. फुलपाखरू निघालं, थेंब टाकला. तुम्हाले तरी पटलं ना?"

"पाह्यलं ना बाप्पा," ती म्हणाली. "तुमी म्हन्ता तं फुलपाखराचंच असंन. पन मास्तर, रोज सारे जन म्हने का तूच केलं, तूच केलं. मंग मलेई वाटाले लागलंतं का माह्याच हातून काही झालं असंन, झोपीत, नाई तं मनात. कोनाले सांगू? सारं आतच. तुमी उतरली म्हनले, तवा माह्यावरची उतरली. त्या दिवशी मी जेवली."

ती गेली तेव्हा व्हरांड्यात उभे राहून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, म्हणजे मी जे खरं सांगतलं, थे तिनं घेतलंच नाही?"

"घेतलं ना, सर," मी म्हटलं.

"काय घेतलं?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि शेंगांचं फडकं हातात तसंच घेऊन ते वर्गात गेले.